ठिपक्यांतला आकडा

मी डावखुरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नोकरीची सुरुवातच त्यावरून झाली. इंदापूरच्या अलीकडे, हायवेपासून थोड्या आत असलेल्या एका गावच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायला लागले. पहिल्या दिवशी डाव्या हातात खडू घेऊन फळ्यावर 'पेशी' असं लिहिलं, तर मागून आवाज आला, "आरं, डाव्या हातानं!" लगेच दुसरा म्हणाला, "पुसायचं उजव्यानं आसंल." वर्ग हसला. मी वळले, उजव्या हातात डस्टर घेतलं आणि फळा पुसून दाखवला. मग वर्ग दुप्पट हसला आणि आमचं जमलं ते कायमचं.

लहानपणी माझा हा हात वळणावर आणण्यासाठी घरच्यांनी बरेच उद्योग केले. अजूनही हळदीकुंकवाला गेले की वाण घेताना उजवा हात पुढे करण्याची आठवण स्वतःला करून द्यावी लागते. त्यामुळे बारावीच्या पुस्तकात 'माणसामाणसांतले फरक' हा भाग आला की माझ्या अंगात जरा जास्तच उत्साह संचारायचा. बाकीचे शिक्षक तो भाग एका तासात उरकत. परीक्षेला त्यावर फारसं काही येत नाही. मी मात्र त्यावर तास उधळायचे आणि मग बेडकाच्या पचनसंस्थेपाशी माझी धावपळ व्हायची.

राहायला मी बारामतीत. रोज सकाळची एसटी, संध्याकाळी परतीची एसटी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की उभ्या उभ्याच वह्या तपासून व्हायच्या. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता वेळ कसा घालवणार? वेळ जातो छान. पण सकाळी त्या गाडीची वेळ झाली की हात आपोआप पर्स शोधतो, हे मात्र खरं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि बरण्यांतले जीव. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक कमी आणि पोरं जास्त. म्हणून मी माझं प्रात्यक्षिक मैदानावर नेलं. त्याला पोरं 'मॅडमच्या रांगा' म्हणायची. पद्धत अगदी साधी. आधी उंचीप्रमाणे रांग. मग ती मोडायची. ज्यांच्या कानाच्या पाळ्या लोंबत्या आहेत ते इकडे, चिकटलेल्या आहेत ते तिकडे. पुन्हा मोडायची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, डावा अंगठा वर येणारे इकडे, उजवा येणारे तिकडे. मग ज्यांची जीभ नळीसारखी वळते ते, मग रक्तगट, मग डावखुरे. दर वेळी नवी रांग, दर वेळी शेजारी नवा. पाटलाचा पोरगा आणि ऊसतोडीच्या टोळीतून आलेला पोरगा कानाच्या पाळीवरून एकत्र यायचे, सख्खे भाऊ अंगठ्यावरून वेगळे व्हायचे. तास संपेपर्यंत कोण कुणाच्या गटातला हे कुणालाच सांगता यायचं नाही. मी काही भाषण द्यायचे नाही. घामेजलेली पोरं नळावर पाणी प्यायला जाताना आपापसांत जे बोलायची, ते माझ्या भाषणापेक्षा चांगलं असायचं.

गडबड व्हायची ती एकाच रांगेला, रंगाच्या. कातडीच्या रंगाप्रमाणे उभे राहा म्हटलं की मुली ओढण्या सारख्या करू लागायच्या आणि मुलं एकमेकांना ढकलू लागायची. "मॅडम, ह्यो पुढं. ह्यो तर तवा हाय." मग मी सांगायचे, चेहरा नाही, दंडाची आतली बाजू बघायची, जिथं ऊन लागत नाही. बाह्या वर व्हायच्या आणि सगळी रांग उलटीपालटी व्हायची. रोज बापाबरोबर उसाला पाणी द्यायला जाणारा 'तवा' अचानक मधोमध यायचा आणि घरात बसून गोरा झालेला त्याच्याही पुढे, काळ्या टोकाकडे जायचा. एकदा एका मुलीने गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मग बघायला येत्यात तवा दंड का बघत न्हाईत?"

माझ्या रांगांमुळे जग बदललं, असा माझा गैरसमज नाही. माझा एक अत्यंत हुशार विद्यार्थी, आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्या ओळखीत एखादी मुलगी बघा ना. शिकलेली पाहिजे आणि जरा गोरी." मी म्हटलं, "आधी तुझा दंड दाखव." तो पलीकडे खूप हसला. पण मागणी काही त्याने मागे घेतली नाही. इतकी वर्षं बाह्या वर करायला लावून शेवटी हे.

जिभेच्या रांगेने मला एक वेगळंच गिऱ्हाईक मिळवून दिलं. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. इंदापुरात भांड्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ उतरले, त्यांना सगळे अकबरभाई म्हणत. त्यांची तबस्सुम माझ्या वर्गात होती. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी माझ्यासमोर जीभ बाहेर काढली. सपाट, पोळीसारखी. मी दचकले. जीभ आत घेऊन ते म्हणाले, "बघितलं न्हवं? माझी वळत न्हाय. हिच्या आईची बी न्हाय. घरात एकट्या तबस्सुमची वळती. धाकटा म्हणतोय, तू दवाखान्यात बदललेली हायेस. पोरगी जेवली न्हाय, मॅडम. तुमी तिला सांगा, ती आमचीच हाय."

त्या माणसाला स्वतःला तसूभरही शंका नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. त्याला फक्त पोरीचं रडणं थांबवायचं होतं. मी तबस्सुमला बोलावलं आणि समजावलं की जीभ वळण्याचा नियम जुन्या पुस्तकांत दिलाय तितका सरळ नाही, दोन्ही आईबापांची वळत नसली तरी लेकराची वळू शकते, सरावाने काहींना थोडी जमतेही. जिभेवरून आईबाप ठरवायला लागलो तर निम्मा तालुका अनाथ होईल. ती हसली. अकबरभाईंनी सरावाचं तेवढं लक्षात ठेवलं. पुढे कधी मी त्यांच्या दुकानावरून गेले की गल्ल्यावर बसल्या बसल्या ते जीभ काढून दाखवायचे. वर्ष-दीड वर्षाने कडा खरोखरच जराशा वर आल्या होत्या.

या प्रकारातून एक गोष्ट मला पक्की कळली. मी वर्गात जे शिकवते ते वर्गात राहत नाही. ते संध्याकाळी पोरांबरोबर घरी जातं, चुलीपाशी बसतं आणि तिथे त्याचं काय होईल यावर माझा काहीही ताबा नसतो. हे कळलं होतं म्हणूनच तबस्सुमच्याच वर्गातल्या ओंकारच्या वेळी मी इतकी घाबरले.

बारामतीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं जुनं ठिपक्यांचं पुस्तक मला देऊन टाकलं होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ असतं आणि त्या ठिपक्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी एक आकडा दडवलेला असतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळतो त्याला आकडा चटकन दिसतो. ज्याला कळत नाही त्याला नुसते ठिपके दिसतात. मी एक एक पान वर धरायचे आणि वर्ग एका सुरात आकडा ओरडायचा.

ओंकार दुसऱ्या बाकावर बसायचा. उंच, अबोल, अक्षर सुंदर. दोन-तीन पानांनंतर तो शेजाऱ्याला म्हणाला, "कशाला उगं वरडताय? हितं काय आकडा न्हाय." त्याला वाटलं सगळे मिळून त्याची चेष्टा करताहेत. वर्गाला वाटलं हा आपली चेष्टा करतोय. हशा पिकला. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चला, आता रक्तगट.

तास संपल्यावर मी त्याला प्रयोगशाळेत थांबवलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. पहिलं पान, जे सगळ्यांनाच दिसतं, ते त्याने वाचलं. पुढे नुसती नकारार्थी मान हलवत गेला. मी त्याला सांगितलं की याला रंगांधळेपणा म्हणतात, बऱ्याच मुलग्यांत असतो, यात आजार काही नाही आणि उपायाची गरजही नाही. तो ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "म्हंजी मॅडम, मी आळशी न्हाय?"

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. त्यांची डाळिंबाची बाग. गेल्या बहाराच्या दुसऱ्या तोडणीला वडिलांनी त्याला एक ओळ तोडायला दिली होती. लाल झालेली तेवढीच तोड, हिरवट-पिवळी राहू दे. त्याने तोडली. क्रेट भरून इंदापूरच्या बाजारात गेले, व्यापाऱ्याने वरचा थर उचलून खाली पाहिलं आणि निम्मा माल कच्चा निघाला. चारचौघांत वडिलांची शोभा झाली. तेव्हापासून घरात त्याचं नाव 'ध्यान नसलेला' असं पडलं होतं. त्या वर्षी बागेत त्याला पाय टाकू दिला नव्हता. "आप्पा म्हणत्यात, शिकून कारकून हो, मातीत तुझं काम न्हाय. मला वाटायचं समद्यास्नी आसंच दिसतं. ते ध्यान देत्यात आन् माझं ध्यान न्हाय."

बाग त्याला जीव की प्राण होती, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं. मी म्हटलं, "मी येते तुझ्या घरी. आप्पांना समजावून सांगते." त्याचा चेहरा उजळला. आणि मग त्याने अगदी स्वाभाविक प्रश्न विचारला, "पण मला हे कुठनं आलं?"

मी शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर देते. म्हटलं, हा गुण आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, पण तिच्या वडिलांना बहुधा हेच असणार. तिच्यातून तो तुझ्याकडे आला. वडिलांकडून मुलाला हा येतच नाही.

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड माझ्या डोळ्यांदेखत गेला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "आमच्या घरी येऊ नका. आन् पुढचा धडा शिकवू नका."

पुढचा धडा आनुवंशिकतेचा होता. त्यात हेच उदाहरण, चित्रासकट. आणि वर्गात त्याची चुलत बहीण ऋतुजा होती, एकाच घरात राहणारी. "आक्का घरात दूध नासलं तरी माझ्या आईचं माह्यार काढती," ओंकार म्हणाला. आक्का म्हणजे त्याची आजी. "मी कच्चा माल तोडला तवाबी म्हणाली, वळणच तसलं. आता पुस्तकातनंच कळलं की आईमुळं हाय, तर तिला जगू द्यायची न्हाय. मला आळशीच म्हणू द्या. मला सवय झालीय."

सतरा-अठराचं पोर. स्वतःवरचा कलंक पुसायचा उपाय हातात आला होता आणि आईसाठी त्याने तो परत केला. त्याच्यासमोर मी स्वतःला सावरलं, पण परतीच्या एसटीत माझे डोळे वाहत होते. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मी धडा पुढे ढकलला. वनस्पती शिकवल्या, माती शिकवली, परिसंस्था दोनदा शिकवली. मुख्याध्यापकांनी विचारलं, आनुवंशिकता कधी? मी म्हटलं, जरा तयारी करते. तयारी कसली, मी नुसती टाळत होते. खरं सांगितलं तर आईवर येतं, नाही सांगितलं तर पोरावर राहतं. बीएडला असा प्रश्न कुणी घातला नव्हता.

मग एका दुपारी ऋतुजा प्रयोगशाळेत आली. चुणचुणीत, तोंडाने फटकळ. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तो धडा शिकवा. माझ्यामुळं अडलाय तो. मला कळतंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगणार? ठिपक्याचं पुस्तक तुमी दावलं, त्याच दिवशी घरी जाऊन पुढचा धडा वाचला मी. ओंकारला काय हाय आन् कुणाकडनं आलंय, मला तवापास्नं ठावं हाय. बोलले का घरी?"

मी थक्क झाले. जिची मी इतके दिवस धास्ती घेतली होती, ती पोरगी सगळं पोटात ठेवून रोज माझ्यासमोर परिसंस्था ऐकत बसली होती.

"आन् मॅडम," ती निघता निघता वळली, "बापाकडनं जमीन आली तर त्याला वारसा म्हणत्यात. आईकडनं काय बी येऊ द्या, त्याला खोट म्हणत्यात. हे पुस्तकात का न्हाय?"

ते पुस्तकात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी तो धडा शिकवला आणि तिच्या नावाचा उल्लेख न करता हा प्रश्न फळ्यावर लिहिला, डाव्या हाताने, मोठ्या अक्षरांत. त्या दिवशी वर्ग जितका बोलला तितका कधीच बोलला नव्हता. एक मुलगा म्हणाला की मुलगा होणं न होणं बापाकडून ठरतं हे याच धड्यात आहे, तरी बोलणी आईलाच बसतात. तबस्सुम म्हणाली, असलं काही घरात सांगायचं असेल तर आधी जिभेपासून सुरुवात करावी, माणसं हसली की ऐकतात. कुणी म्हणालं, हे आपोआप झालं, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, असं खोटं सांगावं. त्यावर ओंकार पहिल्यांदाच बोलला. "खोटं कशाला? आईला आधी इचारतो. तिची गोष्ट हाय, ती म्हणंल तसं."

त्याची आई सुरेखाताई चार दिवसांनी स्वतःच शाळेत आल्या. डोक्यावरचा पदर सावरत प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्यात आता तोडणी हाय. पहिल्या तोडणीला माझे वडील येतात, डाळजवरनं. तवा तुमी या. ते पुस्तक घेऊन या." मी विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, "लहानपणी मी लाल बांगड्या सांगितल्या की तात्या हिरव्या घेऊन यायचे. आई लई हसायची. आमी म्हणायचो, तात्यांचं बाजारात ध्यान नसतं." ध्यान नसतं, हा शब्द दोघींनाही एकाच वेळी लागला असावा.

या तात्यांबद्दल थोडं सांगायला हवं. त्या घरात पहिली तोडणी कधी करायची हे सुरेखाताईंचे वडील ठरवत. सोयरीक झाली तेव्हापासूनची ही रीत. दुसऱ्या कुणाच्या हातावर आक्कांचा विश्वास नव्हता. तात्या बागेत शिरत, रंगाकडे बघत नसत, प्रत्येक फळ तळहातावर घेत, खालच्या टोकाच्या पाकळ्या मिटल्यात का बघत, अंगठ्याने बाजू चाचपत. पिकलेल्या डाळिंबाचा गोलपणा मोडून बाजू चपट्या होतात. मग टिचकी मारून कानाशी नेत. त्यांनी तोडलेला क्रेट बाजारात कधी परत आला नव्हता. माहेर काढणाऱ्या आक्का त्या माहेरच्या माणसाशिवाय पहिली तोडणी करत नव्हत्या, यात त्यांना स्वतःला काही विसंगत वाटत नसे.

मी पोचले तेव्हा बागेच्या कडेला लिंबाखाली बाज टाकलेली होती. आक्का तिच्यावर, पायाशी रिकामे क्रेट. तात्या एका बाजूला पानाचा डबा उघडून बसलेले, पांढरी टोपी, कृश, ताठ. ओंकारचे वडील संपतराव उभेच. ओंकार क्रेट रचायच्या निमित्ताने लांब आणि ऋतुजा बाजेच्या अगदी जवळ.

मी तबस्सुमचा सल्ला मानला. आधी जिभेची गंमत केली. आक्कांची जीभ मस्त वळली, त्या खूश झाल्या. मग ठिपक्यांचं पुस्तक काढलं आणि संपतरावांना दाखवलं. त्यांनी पटापट आकडे वाचले. मग ओंकारला बोलावलं. त्याला काहीच वाचता येईना. संपतराव पुस्तकाकडे आणि पोराकडे आळीपाळीने बघत राहिले. मी सांगितलं, याला तुमचं लाल डाळिंब आणि हिरवं पान जवळपास सारखंच दिसतं. त्याने ध्यान दिलं होतं. जे दिसत नव्हतं त्याला तो काय करणार?

संपतराव खाली बसले. "मी त्याला बाजारात मारलं," ते म्हणाले. "समद्यांफुडं."

आणि मग तो प्रश्न आला, ज्याला मी इतके दिवस भीत होते. आक्का म्हणाल्या, "आमच्यात तर असलं कुणाला न्हाय. मंग ह्ये कुणाकडनं आलं?"

मी एक लांबलचक उत्तर पाठ करून गेले होते. तोंड उघडलंही होतं. पण सुरेखाताई सासूसमोर येऊन उभ्या राहिल्या. मान वर होती. "माझ्याकडनं आलंय, आक्का. माझ्यातनं त्याला गेलंय."

ऋतुजाने चुलतीचा हात धरला. आक्कांनी श्वास घेतला, आता काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात तात्यांनी पानाचा डबा बंद केला. "बघू त्ये पुस्तक."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं, लांब धरलं, जवळ धरलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. तिसरं, चौथं. शेवटी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ठिपकं हायेत की. आकडा कुठं हाय?" आणि मग, अगदी हळू, "समद्यास्नी दिसतोय व्हय हितं आकडा?"

मी होकारार्थी मान हलवली. आक्का तोंडावर पदर धरून त्यांच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं ज्या हातावर त्यांनी बागेची सगळी कमाई सोडली, त्या हाताच्या धन्याला डाळिंबाचा लाल रंग कधी दिसलाच नव्हता.

आक्कांनी माफी वगैरे मागितली नाही. तसं होत नसतं. त्या उठल्या, ओंकारला म्हणाल्या, "तात्यांच्या मागं मागं जा. त्ये कसं हात लावत्यात बघ, तसाच लाव." मग सुनेकडे वळल्या. "उभी काय ऱ्हायलीस? मॅडमना च्या टाक. तात्यांचा बिनसाखरेचा." पण त्या दिवसापासून माहेर काढायचं बंद झालं, असं ऋतुजा मला पुढे सांगायची. निदान दुधावरून तरी.

आज ती बाग ओंकार बघतो. शेतीचं शिक्षण घेऊन परत आला. दर बहाराला माझ्या बारामतीच्या घरी एक क्रेट येतो आणि त्यात आजवर एकही कच्चं फळ निघालेलं नाही. ऋतुजा शिक्षिका झाली. मैदानावर रांगा लावते म्हणे आणि तिच्याही बेडकाची आबाळ होते. माझ्या विद्यार्थ्यांनी मला जे शिकवलं त्याची फेड माझ्याच्याने व्हायची नाही. मी त्यांना कानाच्या पाळ्या दाखवल्या. त्यांनी मला त्या पाळ्यांमागची माणसं दाखवली.

त्या दिवशी तोडणी संपल्यावर तात्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. सुरेखाताई बरोबर होत्या. मागे उन्हात सगळी बाग फळांनी लगडलेली. तात्या वळून बागेकडे बघत राहिले.

"ही बाग तुमास्नी लाल दिसती?"

"हो, तात्या. हिरव्यात लाल, दिव्यांसारखी."

"लई भारी दिसत आसंल," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी लेकीकडे बघितलं. मघापासून त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. पोरीला आपण काय देऊन बसलो, याचा घोर लागला होता म्हाताऱ्याला. "सुरेखा, तुला दिसतंय का गं लाल?"

"दिसतंय, तात्या."

"समदं?"

"समदं दिसतंय."

तात्यांनी टोपी नीट केली आणि पुन्हा बागेकडे वळले. "मंग झालं," ते म्हणाले.